गुरुपादआप्पांची हजेरी

आप्पा जाऊन चौसष्ट दिवस झाले होते आणि तरीही सरकारी वहीत ते रोज हजर होते. हे मला कळलं ते भगवानराव पाटलांकडून, सरकारी फसली सन तेराशे एकोणचाळीसच्या चैत्रात, दुपारी चारच्या सुमारास. मी तेव्हा ज्वारी पाखडत होते. ती आदल्या दिवशीच पाखडून झाली होती.

पाटील गावचे पोलीस पाटील, माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, वयाचे. ते ओट्यावर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि बीडहून माझा कागद आल्याचं सांगितलं.

बीडच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला बाई हवी होती. अर्ज मी पौषात केला होता, आप्पा शेजारी बसलेले असताना. पण नेमणुकीआधी उमेदवाराच्या घराण्याची तस्दीक होत असे. घरातल्या कोणाचं नाव ठाण्याच्या दप्तरात आहे का, असल्यास कशासाठी, हे ठाण्यानं लिहून द्यायचं. तो चौकशीचा कागद ठाण्यात येऊन पडला होता. आता जमादार कधीही गावात येईल, असं पाटील म्हणाले.

ठाणं काय लिहून देणार, हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात नाव होतं, आणि ते आप्पांचंच होतं.

आप्पांचं किराणा दुकान माझा चुलत भाऊ शिवलिंगप्पा यानं चालवायला घेतलं होतं. घरही आषाढापर्यंत त्याला मोकळं करून द्यायचं होतं. बीडची जागा मिळाली नाही, तर मला घाटनांदूरला जावं लागणार होतं, ज्या सासरी मी सोळाव्या वर्षी विधवा झाले तिथं. तिथल्या चुलीपाशी माझी जागा अजून राखून ठेवलेली आहे, असा निरोप सासूबाईंनी आप्पांच्या अकराव्यालाच पाठवला होता.

मी सुपातली ज्वारी परत टोपल्यात ओतली आणि पुन्हा सुपात घेतली.

मी आठ वर्षांची असताना एक अनोळखी माणूस आमच्या दुकानापुढं तंबाखू घ्यायला थांबला. त्याच्या हातात चांदीची डबी होती. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग असतं, ते ठेवायची डबी. ती तो लिंबागणेशाला सोनाराकडं मोडीत घालायला निघाला होता. आमचं गाव लिंबागणेशापासून दोन कोसांवर, त्यामुळं असे लोक वाटेत थांबत. कुणाच्या तरी गळ्यातली वस्तू मुशीत वितळणार, हे आप्पांना बघवलं नाही. त्यांनी डबी घेतली, धुतली आणि देव्हाऱ्यात ठेवली. माणसाचं नाव विचारलं नाही. जो लिंगाची डबी मोडायला निघालाय त्याला नाव विचारून आणखी खाली बघायला का लावायचं, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी पुढं फौजदारालाही सांगितलं. डबी पाटोद्याच्या एका व्यापाऱ्याकडच्या चोरीतली निघाली होती. फौजदारानं त्यांचं म्हणणं लिहून घेतलं आणि खाली लिहिलं की आरोपी माल देणाऱ्याचं नाव लपवतो.

सहा महिने बीडचा तुरुंग. सुटल्यावर नाव निगराणीच्या यादीत. रात्री गावाबाहेर राहायचं तर ठाण्याची परवानगी काढायची. रोज दिवेलागणीला येसकरानं दाराशी हाक मारायची, आतून उत्तर आलं की पाटलांनी वहीत ‘हाजिर’ लिहायचं.

मला यातलं काही कळत नव्हतं. तात्याबा येसकर गल्लीत उभा राहून हाक मारायचा, “गुरुपादआप्पा, हाय का घरात?” आणि आप्पा जिथं असतील तिथून म्हणायचे, “हाय.” मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना अशी हाक येते. एकदा मैत्रिणीच्या घरी अंधार पडेपर्यंत खेळत राहिले आणि तिच्या आईला विचारलं, तुमच्याकडं तात्याबा कावून येत नाही? ती बाई हसली आणि हसता हसता थांबली. घरी येऊन मी आप्पांना तेच विचारलं. ते म्हणाले, सगळ्यांची चौकशी करायला सरकारला सवड नसते, थोड्यांचीच करतं. ते असं सरळ चेहऱ्यानं बोलत की खरं काय आणि थट्टा काय, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं.

पाटलांनी उपरण्यात गुंडाळलेली एक जाड वही काढली.

“मी अजून लिवलं न्हाई,” ते म्हणाले.

“काय?”

“तुज्या बापाचं. गेल्याचं.”

मी वही घेतली. मोडी मला आप्पांनीच शिकवली होती. माघ वद्य सप्तमीला आप्पा लिंगैक्य झाले. गावानं त्यांना बसवून, फुलं वाहून, वाजतगाजत मठामागं नेलं. त्या दिवसापुढं पाटलांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: हाजिर. दुसऱ्या दिवशी हाजिर. ते अक्षर कुठंही हललं नव्हतं.

मी त्यांना विचारलं की हे का. माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी गल्लीकडं पाहिलं.

“मेलेल्याचं नाव निगत न्हाई पोरी,” ते म्हणाले. “त्याच्याफुडं फौत लिवतेत अन् पान तसंच ऱ्हातंय. येकदा सजा भोगलेला सजायाफ्ता तो सजायाफ्ताच. जित्या माणसाची पाच वर्सं सलग नीट गेली, एक बी खाडा न्हाई, तर नाव कमी होतंय. येकदा कमी झालं की मंग कुनी इचारलं तर ठाणं लिवून देतंय, असा माणूस आमच्या दप्तरी न्हाई. तुज्या बापाची पाच वर्सं या सरकारी खुर्दाद म्हैन्याच्या अखेरीला भरतेत. अकरा दिस ऱ्हायले.”

“आणि कळलं तर?”

“तर माजी पाटीलकी जाईल अन् तुजी शाळा. तुज्या बापाचं काय जायचं? तो गेलेलाच हाय.”

ते हसले नाहीत. मीही नाही. मी विचारलं की आप्पांसाठी ते एवढं का करतात. त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं, पुन्हा काढलं.

“डबी देव्हाऱ्यात हाय, हे फौजदाराला मीच सांगितलं व्हतं,” ते म्हणाले. “मला काय ठावं चोरीची हाय म्हनून. चावडीवर च्या पीत बसलो व्हतो. आमच्या गावात कशी देवमाणसं हायेत, त्याचं कवतिक सांगत व्हतो.”

ते गेल्यावर वही माझ्याकडंच राहिली. विसरले की ठेवून गेले, ते मी दुसऱ्या दिवशी ती परत देतानाही विचारलं नाही. मी तिची मागची पानं उलटली, मग आणखी मागची. एकोणीस वर्षांच्या सगळ्या वह्या एकत्र शिवलेल्या होत्या. हजारो ओळी हाजिर, आणि चारच ठिकाणी गैरहाजर. प्रत्येक गैरहाजरीनंतर पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

पहिली गैरहाजरी माझ्या लग्नाची. वऱ्हाड घाटनांदूरला गेलं, परवानगीचा कागद मुहूर्तानंतर आला. दुसरी मानमोडीच्या तापाच्या वर्षी, नवरा गेल्यावर आप्पा मला आणायला आले तेव्हाची. त्या वेळी त्यांची चार वर्षं आणि चार महिने भरलेले होते. ते उंबऱ्यात उभे राहून मला म्हणाले होते, चल, बैलगाडी उभी आहे. एवढंच. चौथी पाच वर्षांपूर्वीची. मिडलच्या परीक्षेला मी खाजगी बसले होते आणि आप्पा मला बीडला घेऊन गेले होते. दोन रात्री धर्मशाळेत काढल्या. ते रात्री बाहेरच्या पायरीवर बसून राहायचे. मला वाटलं, माझ्या परीक्षेची काळजी.

तिसरी गैरहाजरी कशाची, ते मला आजही माहीत नाही. एकाच रात्रीची, ज्येष्ठातली, फसली तेराशे एकतीसची. मी घरीच होते. ते कुठं गेले होते आणि सकाळी कधी परत आले, काहीच आठवत नाही. त्या वर्षी मी हाती लागेल ते वाचत होते. नगरकडून येणारा एक बैरागी पोथ्यांबरोबर छापील पुस्तकं आणायचा. बहुतेक पुस्तकात डोकं घालून बसले असेन.

ते अकरा दिवस मी बसले अशी नाहीच. दोनदा घर सारवलं. आप्पांची तागडी घासली, दोरे बदलले, आता ती कुणी वापरणार नव्हतं तरी. एकच पुस्तक उघडून एकाच पानावर पाच पाच वेळा यायचे. पाणी भरून झालेलं असताना घागर घेऊन आडावर जायचे आणि बायका गप्प झाल्या की तशीच परत यायचे. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर कोणी बोलणार नाही हेही ठाऊक होतं. पण पाटोद्याच्या बाजाराला गाव जातं, आणि बाजारात माणूस काय बोलतो ते त्याचं त्यालाही कळत नाही.

सगळ्यांत वाईट दिवेलागण. तात्याबाची हाक थांबली नव्हती. माघातल्या त्या दिवसापासून ती रोज येत होती. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारा सवयीनं ओरडतो. आता कारण कळलं होतं. मी एकदा दारात जाऊन त्याला म्हटलं, हाक मारू नका, वहीत लिहिलं जातंय तेवढं पुरे. तो गल्लीच्या पलीकडच्या कडेला उभा होता, नेहमी उभा राहायचा तिथं.

“आक्का, उद्या जमादारानं शपथ घालून इचारलं तर?” तो म्हणाला. “हाक मारली का, तर मारली, असं म्हनता आलं पायजे. माजं काम हाक मारायचं. आत कोन हाय ते पाटलांनी लिवायचं.”

मग तो आणखी हळू म्हणाला, “अन् एकोनीस वर्सं मारतोय. तोंडाला सवं झाली.”

हाक यायची, मी आत उभी असायचे. उत्तराला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ तो थांबायचा आणि मग काठी आपटत पुढं जायचा. तो थांबलेला वेळ मला सोसायचा नाही. मी त्या वेळात भांडं घासायला घ्यायचे, उगाच, आवाज व्हावा म्हणून.

खुर्दादचे दोन दिवस राहिले असताना जमादार आला.

पेन्शनीला आलेला माणूस, घोड्यावरून उतरताना दोघांनी धरावं लागलं. पाटलांनी त्याला चावडीवर जेवू घातलं, उन्हं उतरेपर्यंत बोलण्यात गुंतवलं. कागद पाटलांनीच भरून ठेवला होता, सही तेवढी राहिली होती. पण जमादार म्हणाला की यादीतल्या माणसाचं नाव कमी व्हायचं तर माणूस नजरेनं पाहिला पाहिजे. तिघं आमच्या दाराशी आले तेव्हा दिवेलागण झालीच होती.

जमादारानं तात्याबाला हाक मारायला सांगितलं. तात्याबा नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडला.

“हळू बे,” जमादार म्हणाला. “मेलेला उठंल.”

पाटील खाली बघत होते. तात्याबाही. मी दाराच्या आत, फळीला हात लावून उभी होते. उत्तराला लागतो तेवढा वेळ गेला. मग त्याहून जास्त गेला. जमादारानं काठीनं उंबरा ठोकला.

मी बाहेर आले.

“आप्पांना ताप हाय,” मी म्हणाले. “आत निजलेत.”

“कवापासून?”

“तीन दिवस.”

माघात, आप्पा खरंच तापानं निजलेले असताना, आल्यागेल्याला मी हेच सांगत होते, ह्याच शब्दांत. म्हणून जीभ अडखळली नाही. शब्द तोंडात तयार होते, वापरून गुळगुळीत झालेले.

जमादार माझ्याकडं बघत राहिला. आत अंधार होता, मी दिवा लावलेला नव्हता. उंबरा ओलांडून त्याला आत जाता आलं असतं. त्यानं पाटलांकडं पाहिलं. पाटील पागोटं नीट करत होते.

“निजू द्या,” तो म्हणाला. “अंगठा आना फकत. डावा.”

त्यानं कागद दिला आणि शाईची पत्र्याची डबी दिली.

आत गेले. आप्पांची बाज मी केव्हाच अंगणात उभी करून ठेवली होती, अंथरूण मठात दिलं होतं. जिथं बाज असायची तिथं मी खाली बसले. डबी उघडली. आप्पांच्या डाव्या अंगठ्यावर आडवा व्रण होता, गूळ फोडताना सुरी लागलेला. मी लहान असताना तो बोटानं चाचपायचे. ठाण्यातल्या त्यांच्या पानावर जो जुना ठसा होता, त्यात तो व्रण असणार. हे मला तेव्हा, डबी उघडल्यावर आठवलं. बाहेर कोणीतरी खाकरलं.

मी जन्मात कुठं अंगठा उठवला नव्हता. लग्नाआधी आप्पांनी मला पूर्ण नावाची सही करायला शिकवलं होतं, पाटीवर, शंभर वेळा. मला कोणी कधी शाईत बोट बुडवायला लावू नये, एवढंच त्यांना हवं होतं. मी माझा डावा अंगठा शाईवर दाबला आणि त्यांच्या नावापुढं टेकवला.

जमादारानं कागद उजेडाकडं धरला. गल्लीच्या टोकाला अजून थोडा उजेड होता. त्यानं ठसा बराच वेळ पाहिला. माझा हात मी पदराखाली घेतला होता.

“बुखारानं माणूस बारीक होतंय,” तो म्हणाला. मग कागदाची घडी घातली, ओल्या शाईवर फुंकर न मारताच, आणि पाटलांना म्हणाला की घोडं आणायला सांगा, अंधार होतोय.

शाई राखेनं गेली नाही, चिंचेनंही गेली नाही. अंगठ्याच्या रेघांत ती बसून राहिली. मी त्या हातानं भाकरी थापली आणि खाल्ली. पुढचे दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करत होते: ठाण्यात एक माणूस जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवतो आणि व्रण शोधतो. रात्री त्या माणसाला मी एक चेहरा द्यायचे, सकाळी दुसरा. त्याचा हात व्रणाच्या जागी थांबला की मी उठून बसायचे.

कोणी कागद शेजारी ठेवले नाहीत. खुर्दादनंतरच्या तीर महिन्याच्या चौथ्या दिवशी पाटील आले. नाव कमी झालं होतं. त्याच डाकेनं माझ्या चौकशीचं उत्तर बीडला गेलं होतं: उमेदवाराच्या घराण्यातील कोणीही इसम या ठाण्याच्या दप्तरी नाही.

कोणीही इसम नाही, हे मी दोनदा म्हणून पाहिलं.

त्या संध्याकाळी मी दिवा वेळेवर लावला आणि दारात येऊन उभी राहिले. तात्याबा गल्लीतून आला. आमच्या दारासमोर त्याची पावलं आपोआप मंदावली, काठी टेकली गेली. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि पुढं गेला. त्याच्या हाकेवर आतापर्यंत मी चिडत होते. आता गावात आप्पांचं नाव मोठ्यानं घेणारं कोणी राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाटील जन्ममृत्यूची वही घेऊन आले. आता आप्पांना मरायची मोकळीक होती. त्यांनी तारीख विचारली, कोणती घालू. माघातली घालता येणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. मी म्हणाले, आजची घाला. रोग? ताप, मी म्हणाले. त्यांनी लिहिलं आणि खबर देणाराची सही म्हणून वही माझ्याकडं फिरवली. मी सही केली. तेव्हापासून आप्पांची पुण्यतिथी मठात माघात होते आणि सरकारात तीरमध्ये.

ज्येष्ठात मी बीडला रुजू झाले. दप्तरातल्या मुन्शीनं मान वर न करता रजिस्टर पुढं सरकवलं आणि त्याच्याबरोबर शाईची डबी. अंगठा लावा बाई, तो म्हणाला. तिथल्या आयाबाया तसाच लावत असतील.

मी त्याच्या दौतीतला टाक उचलला.

“मला सही येते,” मी म्हणाले.

त्यानं मान वर केली. मी माझं नाव लिहिलं, मग वडिलांचं नाव, पूर्ण, पाटीवर शिकवलं होतं तसं. डावा हात सगळा वेळ पदराखाली होता. डाग कधीच निघून गेला होता, तरी हात तिथंच होता.